उभ्या गाडीभोवतीची फेरी

माझे सासरे गुंडप्पा हे अख्ख्या उमरग्यातले सगळ्यात भित्रे गृहस्थ आहेत, असं लग्न होऊन आल्यावर आठ दिवसांतच मी माझ्या आईला फोनवर सांगितलं होतं. गॅसचा कॉक ते तीनदा बघायचे. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की नुसते कडेला थांबायचे नाहीत, शेजारच्या दुकानाच्या पायरीवर चढून उभे राहायचे. आई हसली. मग तिनं विचारलं, ते करायचे काय? मी म्हणाले, एसटीचे ड्रायव्हर होते.

एकतीस वर्षं. उमरगा–सोलापूर, उमरगा–लातूर, शेवटी शेवटी उमरगा–तुळजापूर. एवढ्या वर्षांत त्यांच्या बसखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे ते शपथेवर सांगतात. त्याबद्दल मिळालेला बिल्ला सासूबाईंच्या फोटोशेजारी काचेत लावलेला आहे. सासूबाईंच्या काचेवर कधीमधी धूळ बसलेली दिसते, बिल्ल्याच्या काचेवर नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तिला ठावं हाय. ह्यो बिल्ला मिळाला तवा तीच जास्ती रडली हुती."

एवढा भित्रा माणूस एवढ्या मोठ्या हायवेवर एवढी वर्षं गाडी कशी चालवत होता, याचं उत्तर मला पुढं कळलं. त्यांनी भीतीला कामाला लावलं होतं. ड्युटीवर जाताना ते स्टेअरिंगवर कधी सरळ चढले नाहीत. आधी बसभोवती एक फेरी. डाव्या बाजूनं सुरुवात, हातात लोखंडी पान्हा, प्रत्येक टायरवर एक ठोका आणि तोंडानं मोठ्यानं, "पुढचं डावं, ठीक. दिवा, ठीक. आरसा, ठीक." डेपोत गाडी तपासल्याची सही करायचं एक रजिस्टर असे. बाकीचे चहा पिता पिता सही करायचे. मामा (मी सासऱ्यांना मामाच म्हणते) फेरी मारल्याशिवाय पेन हातात घेत नसत. कंडक्टर लोक वैतागायचे, प्रवासी खिडकीतून ओरडायचे. मामांना सगळं ऐकू यायचं आणि ते सावकाश मागच्या टायरकडं वळायचे.

निवृत्त झाल्यावर फेरी मारायला बस उरली नाही, तेव्हा त्यांनी आमच्या गाडीला धरलं. गाडी म्हणजे माझ्या नवऱ्याची, श्रीनाथची, छोटी पांढरी. रोज सकाळी अंघोळ झाली की मामा तिच्याभोवती फिरणार, टायर ठोकणार आणि तेच म्हणणार. मी शाळेत जायच्या घाईत असले की ती ठकठक डोक्यात जायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझं डोकं लवकर तापतं, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे.

गेल्या चैत्रात श्रीनाथला हैदराबादला नोकरी लागली. कंपनीची बस दारात येते, तिथं गाडी लावायला जागा नाही, मला गाडी येत नाही आणि मामांचा गुडघा गेलेला. म्हणून गाडी विकायची ठरली. ती आमच्या अंगणात उभी राहिली, मामांच्या सवयीप्रमाणे तोंड फाटकाकडं करून. आणि श्रावणात तिचा विमा संपला.

मामांना ती तारीख महिनाभर आधीपासून पाठ होती. त्यांनी श्रीनाथला फोन लावला. श्रीनाथ म्हणाला, "आप्पा, आठ-पंधरा दिवसांत गाडी जाईल. जो घेईल तो काढील विमा. उभ्या गाडीला कशाला?" मामांनी फोन माझ्याकडं दिला, म्हणजे मी त्याला समजवावं म्हणून. मी श्रीनाथच्या बाजूनं झाले. म्हणाले, "मामा, उभी गाडी कुणाला धडकते का?"

हे वाक्य मी बोलले होते. पुढं जे झालं ते सांगताना हे लपवून चालणार नाही.

मामांनी त्या दिवसापासून गाडीची नवीच भीती घेतली. गल्लीतलं एखादं पोर बॉनेटवर चढलं आणि पडलं तर? कुणी काच फोडून गाडी पळवली आणि तिकडं कुणाला उडवलं तर? पोलीस नंबर बघून आपल्याच दारात येणार. शेजारी कडबा रचलाय, तो पेटला तर? एरवी ऐकणारा हसला असता. पण बेंबळीच्या एका टेंपोवाल्याची गोष्ट ते सांगायला लागले की त्यांचा आवाज खाली जायचा. विमा संपून अकराच दिवस झाले होते, सायकलवरचा माणूस टेंपोखाली आला. कोर्टात जाऊन जाऊन टेंपो गेला, प्लॉट गेला, आणि तो माणूस आता कुणाशी बोलत नाही. "पैशाचं न्हाय, वर्षा," मामा म्हणायचे, "त्येचं बोलणंच गेलं बघ."

त्यांनी प्रत्येक टायरच्या पुढं एक आणि मागं एक असे आठ दगड लावले. किल्ली देवघरात ठेवली. फाटकाला दुसरं कुलूप आणलं. मी शाळेत मैत्रिणींना हे रंगवून सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो.

गाडी काही आठ दिवसांत गेली नाही. गिऱ्हाइकं आली, दारं उघडून, मिटून बघितली, आरशात केस नीट केले आणि निघून गेली. भाद्रपदात ढोकीचे वैजनाथ म्हणून एकजण आले. साखर कारखान्यात नोकरीला. त्यांना गाडी पटली, भाव पटला. पण पितृपक्ष तोंडावर आला होता. पितृपक्षात कोण गाडी घरी नेतो? ते म्हणाले, "दसऱ्याला नेतो. शब्द दिला म्हणजे दिला." मामांना तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग त्यांनी दिवस मोजले आणि पुन्हा म्हणाले, "तवर तरी विमा काढू." मी म्हणाले, "मामा, तीन आठवडे!"

खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी गाडी जाणार होती. एवढी वर्षं दारात असलेली गाडी, तिची पूजा केल्याशिवाय कशी द्यायची? मी सकाळी ती धुतली. समोरच्या मल्लम्मानं पहाटेपासून बसून सगळ्या गल्लीला झेंडूचे हार करून दिले होते, आमच्या गाडीचा हारही तिच्याच हातचा. मल्लम्मा ही कर्नाटकातल्या आळंदकडची, पासष्टीची, एकटी राहणारी बाई. मुलगा शंकरप्पा सोलापुरात नोकरीला. मामांना ती गुंडप्पाण्णा म्हणते आणि दर दसऱ्याला सगळ्यात आधी त्यांना सोनं द्यायला येते. फाटकासमोरच, गल्ली ओलांडली की तिचा दगडी ओटा.

मी गाडीला स्वस्तिक काढलं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि चारी टायरखाली चार लिंबं ठेवली. मग मामांनी किल्ली फिरवली. नुसता टक् असा आवाज आला. सहा महिने उभी, बॅटरी पार गेलेली. त्यांनी दोनदा फिरवून बघितली आणि खाली उतरले.

"ऱ्हाऊ दे. लिंबं काढ."

"ठेवलेली लिंबं काढतात का मामा? फुटली पाहिजेत. उद्या गाडी परक्या घरी चाललीय, आणि असं अर्धवट?"

"इंजन बंद हाय. ब्रेक लागत न्हाय नीट बंद इंजनाला."

"हातभर तर सरकवायची आहे. तुम्ही बसा, मी ढकलते."

ते दगडांकडं बघत उभे राहिले. मला शाळेच्या पूजेला जायचं होतं. साडी नेसलेली, हात कुंकवानं भरलेले, आणि डोकं तापलेलं. मी म्हणाले, "एकतीस वर्षं गाडी चालवली म्हणता आणि हातभर सरकवायला भिता?"

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. मामांनी खाली वाकून आठही दगड एकेक करून काढले आणि भिंतीशी रचून ठेवले. मग गाडीत बसले.

आमचं अंगण गल्लीपेक्षा उंच आहे आणि फाटकाकडं उतरतं. घरात पाणी शिरेल या भीतीनं मामांनीच चार ट्रॉल्या मुरूम टाकून ते उंच करून घेतलं होतं. फाटक पूजेसाठी सताड उघडं. मी मागं गेले, डिकीवर दोन्ही हात ठेवले आणि ढकललं. गाडी हलेना. सहा महिन्यांत ब्रेक आतल्या आत चिकटले होते. मी पदर खोचला, पाय रोवले आणि सगळा जोर लावला. आत काहीतरी कट् करून सुटलं आणि माझ्या हाताखालून गाडीच निघून गेली.

लिंबं फुटली. चारही. तेवढं मला ऐकू आलं.

मामा ब्रेक दाबत होते. बंद इंजिनाचा ब्रेक दगडासारखा होतो, हे ते मला नुकतंच सांगून बसले होते, आणि त्यांचा उजवा गुडघा तसल्या जोराचा उरलेला नाही. त्यांनी हँडब्रेक ओढला, तो नुसता वर आला. मग ते हॉर्न दाबायला लागले. मला मागच्या काचेतून त्यांचा हात दिसत होता, हॉर्नवर पुन्हा पुन्हा आपटणारा. बॅटरीच नाही तर हॉर्न कुठला वाजणार? "मल्लम्मा, ऊठ!" असं ते काचेच्या आतून ओरडले. मल्लम्मा ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून तोरण ओवत होती. तिनं वर बघितलं, मांडीवरची फुलं सांडतील म्हणून आधी दोन्ही हातांनी ती धरली.

मामांनी स्टेअरिंग फिरवलं. ते फिरवलं नसतं तर गाडी तिच्या छातीवर गेली असती. बंपरचा डावा कोपरा तिच्या पायावर गेला आणि पायरीच्या दगडाला टेकून गाडी थांबली.

गल्ली आपापल्या पूजेत होती, बघायला तिसरं कुणी नव्हतं. मल्लम्मा ओरडली नाही. ती पांढरी पडली होती, आणि अगदी हळू म्हणाली, "गुंडप्पाण्णा, गाडी मागं घी."

रिक्षातून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. डॉक्टर तरुण होते, कागद पुढं ओढून त्यांनी विचारलं, "कसं लागलं? गाडीचा अपघात असेल तर पोलिसांना कळवावं लागतं."

मामा दाराशी उभे होते. शर्टाला माझ्याच हातचं कुंकू लागलेलं. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं बघितलं, वर्गात मध्येच बोलणाऱ्या मुलाकडं बघते तसं, आणि डॉक्टरांना म्हणाले, "ओट्यावरून पडल्या."

मल्लम्मानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. कितीतरी वेळ बघितलं असं मला वाटलं. मग म्हणाली, "व्हय. पाय सरकला."

मला तेव्हा लाज वाटली नाही, हे मी खरं सांगते. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. लाज घरी आल्यावर वाटली, आणि भीती तिच्याही आधी येऊन बसली होती. विमा नाही. धक्का मी दिलेला. सरकारी नोकरी. खोटं पण मीच बोललेले. यांतली एकेक गोष्ट वेगळी घेतली तरी पेलवत नव्हती, आणि त्या सगळ्या एकदमच यायच्या.

गल्लीतल्या दोन पोरांनी गाडी ढकलून परत अंगणात आणली; उताराला लागली, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. मामांनी दगड लावले. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी त्यांनी अंघोळ केली आणि आत येऊन बसले. टायर ठोकल्याचा आवाज आला नाही. एवढ्या वर्षांत ती ठकठक मला नको असायची, आणि त्या सकाळी मी भाकरी थापायची थांबून तिची वाट बघत होते. वैजनाथांचा फोन आला, निघतोय म्हणून. मामा म्हणाले, "येऊ नका. गाडी द्यायची न्हाय सध्या." का, ते सांगितलं नाही. दिवसभर सोनं द्यायला लोक येत होते. मामा प्रत्येकाच्या पाया पडण्याला हात वर करायचे आणि नजर समोरच्या ओट्यावर. तिथं तुटलेलं तोरण तसंच पडलं होतं.

मला वाटलं होतं मामा माझ्यावर चिडतील. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बोलता आलं असतं. ते जेवायचे थांबले. पोलिसांची गाडी हायवेवरून गेली तरी उठून उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "बेंबळीचा टेंपोवाला खोटं न्हाय बोलला, तरी त्येचं बोलणं गेलं. आपलं काय हुईल?"

तिसऱ्या दिवशी दुपारी शंकरप्पा आला. मल्लम्माला दम लागत होता. पायातली रक्ताची गाठ छातीकडं सरकली असावी, इथं ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तो तिला सोलापूरला घेऊन निघाला. जाताना आमच्या दारात गाडी थांबवून तो खाली उतरला आणि मामांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, तुम्ही होता म्हणून आई लवकर दवाखान्यात पोचली. लई उपकार झाले." मामांचा हात त्याच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. मी आत पळाले.

ती जगेल का, हे त्या दुपारी माझ्या मनात दुसऱ्या क्रमांकाला होतं. पहिल्यांदा आलं ते हे, की ती गेली तर चौकशी होईल का. मी स्वतःला चांगली बाई समजत आले होते.

संध्याकाळी मी बसस्टँडजवळ रणधीरकडं गेले. हा गाड्यांचे कागद आणि विमे करून देतो, बोलायला गोड. मी त्याला सगळं सांगितलं नाही, पण त्याला सगळं कळलं. म्हणाला, "मॅडम, घाबरताय कशाला? आज विमा काढू. संपलेला आहे म्हणून कंपनी गाडी बघायला मागते, पण आता माणूस येत नाही. मोबाईलवर लिंक येते. गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढायचा, पाठवायचा. पास झाला की उद्या पॉलिसी हातात. मग आठवड्यानं त्या बाईंचा अपघात दाखवू, म्हणजे दवाखाना आणि भरपाई कंपनी देईल. पाय तर मोडलेलाच आहे. बाई तुमच्या बाजूच्या आहेत ना?"

"बंपरला तडा गेलाय," मी म्हणाले.

"तो जुना म्हणायचा. पुसून घ्या फक्त, कुंकू-बिंकू."

मी घरी आले, बादली घेतली आणि बंपर घासला. तड्यात झेंडूची एक पाकळी अडकली होती, ती नखानं काढली. मामा ओसरीवर बसून बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, मान खाली घालून, भराभर. मला वाटलं, आता नाही म्हणतील. नाही म्हणावेत असंही वाटत होतं आणि म्हणतील याची भीतीही होती. ते इतकंच म्हणाले, "व्हिडिओ म्या काढतो. फेरी माझी हाय."

सकाळी त्यांनी अंघोळ केली. ट्रंकेतून खाकी शर्ट काढून घातला. तो आता खांद्यावर सैल झालाय. काचेतला बिल्ला काढून हातात घेतला, लावला नाही, खिशात ठेवला. मी मोबाईलवर लिंक उघडली. त्यावर मराठीत लिहून आलं: गाडीच्या समोरून सुरुवात करा. मध्ये थांबू नका. गाडीभोवती एक फेरी पूर्ण करा. मामांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बराबर लिवलंय."

त्यांनी उजव्या हातात मोबाईल धरला, डाव्या हातात पान्हा. मी दाराच्या आड उभी राहिले, व्हिडिओत यायला नको म्हणून.

"पुढचं डावं टायर, ठीक," मामा म्हणाले. ठक. "डावा दिवा, ठीक. बॅटरी न्हाय. हॉर्न वाजत न्हाय." मी दचकले. असलं काही सांगायचं नसतं. ते पुढं सरकले आणि बंपरशी आले. तिथं ते थांबले. मध्ये थांबू नका असं लिहिलेलं असताना थांबले.

"हितं तडा हाय," ते म्हणाले. "जुना न्हाय. नवमीच्या दिशी सकाळी गाडी फाटकातनं खाली गेली. समोरच्या मल्लम्माबाईचा पाय मोडला. ती पडली न्हाय. गाडीत म्या हुतो. इंजन बंद हुतं, ठावं असून म्या दगडं काढली. त्या दिशी विमा नव्हता." मग, डेपोत सांगावं तसं, "डायवर गुंडप्पा, उमरगा आगार." आणि वळून, "पुढचं उजवं टायर, ठीक."

बाकीची फेरी त्यांनी पुरी केली. आरसा, मागची टायरं, नंबर, सगळं. मोबाईल माझ्या हातात दिला.

"पाठव," म्हणाले. "मंग म्या पोलीस ठाण्यात जातो. तितनं सोलापूरला, शंकरप्पाकडं. त्यो पाया पडला माझ्या. खोटी फेरी म्या कवा मारली न्हाय, वर्षा. लई भ्या वाटतंय. पर ही सही न्हाय करायला यायची मला."

पाणी पिऊन येतो म्हणून ते आत गेले. मोबाईलवर दोन चौकोन आले होते. एकात लिहिलं होतं, पुन्हा काढा. दुसऱ्यात, पाठवा.

मी व्हिडिओ लावून बघितला. ते सगळं बोलले होते. दगड कुणी काढले, गाडीत कोण होतं, इंजिन बंद होतं. शेवटपर्यंत ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. गाडी हलली कशी, ते त्यात कुठंच नव्हतं. चिकटलेला ब्रेक कुणाच्या जोरानं सुटला, ते नव्हतं. दवाखान्यात कोण काय बोललं, तेही नव्हतं. कंपनी, पोलीस, शंकरप्पा, कुणीही हे बघितलं असतं तर त्यांना एक म्हातारा ड्रायव्हर दिसला असता, एकटा. पाठवा दाबलं असतं तर मी सुटले असते. खोटं बोलून नव्हे, तर खऱ्यातून वगळलेली म्हणून. आणि त्यांनी ते ठरवून केलं होतं. माझी नोकरी त्यांनी मोजली होती, आणि काचेतला बिल्ला पण.

मी पुन्हा काढा दाबलं.

मामा बाहेर आले. "गेला?"

"नाही मामा. एक राहिलंय. पुन्हा काढावा लागेल."

"काय ऱ्हायलं? म्या समदं बोललो."

"धक्का कुणी दिला ते."

त्यांनी फाटकाकडं बघितलं, जणू कुणी ऐकेल. "ते नगं," ते घाईघाईनं म्हणाले. "नोकरी हाय तुझी. श्रीनाथला काय सांगू म्या? ते नगं बोलू, वर्षा."

मी त्यांच्या हातात मोबाईल दिला. पान्हा त्यांनी मघाशी खाली ठेवला होता, तो उचलून दुसऱ्या हातात दिला. मग मी मागं गेले आणि डिकीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिले, नवमीला ठेवले होते तिथंच. पत्रा सकाळच्या उन्हानं तापायला लागला होता.

मग पुढून ठक असा आवाज आला.

"पुढचं डावं टायर, ठीक," मामा म्हणाले, आणि माझ्याकडं यायला निघाले.